समाजकार्यकर्ता व्हायचंय: बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू आणि पुढच्या वाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते आणि तिथे फील्डवर्कला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही करते. बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. मुलांचे असतात, पालकांचे असतात, कधी पस्तिशी ओलांडलेल्या बायकांचेही असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदवी, एमएसडब्ल्यू म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण मला हाच प्रदेश जवळून माहीत आहे.

समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते?

मदत करायला लागत नाही. महाराष्ट्रात सेवेची परंपरा पदवीच्या कितीतरी आधीची आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा समाजकार्याची पदवी देणारी एकही संस्था देशात नव्हती.

पण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पोट दुखतंय म्हणून चौदा वर्षांच्या मुलीला आई दवाखान्यात घेऊन येते आणि तपासणीत मुलीला दिवस गेलेले निघतात. आई पदर पसरते, ‘ताई, कुणाला कळू देऊ नका, गावात तोंड दाखवता येणार नाही.’ तुमचं काळीज हलतं. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते टाळता येत नाही. बाल कल्याण समितीला माहिती जायला हवी. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीसाठी 24 आठवड्यांची मर्यादा आहे, म्हणजे हातात वेळ किती उरला तेही बघावं लागतं. हे सगळं चालू असताना त्या मुलीशी कुठे बसून, कोणत्या शब्दांत बोलायचं? आई समोर असताना की नसताना? कायद्याने करायचं ते करून त्या माउलीचा विश्वास कसा टिकवायचा? एवढं एका दिवसात करावं लागतं. त्यासाठी नुसता चांगुलपणा पुरत नाही, शिकून यावं लागतं.

समाजसेवक आणि समाजकार्यकर्ता यांत फरक काय?

बोलीभाषेत काही नाही. चौकातल्या फ्लेक्सवर नावाआधी ‘समाजसेवक’ लिहिलेलं असतं, तेव्हा तो मान असतो. इथे आपण व्यवसायाबद्दल बोलतोय: ठरलेलं शिक्षण, पगारी जबाबदारी, गोपनीयतेची बंधनं आणि केलेल्या कामाची लेखी नोंद. सरकारी रुग्णालयात याच माणसाचं पद ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात 1946 साली देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला, म्हणजे हे पद काही कालपरवाचं नाही.

बारावीनंतर थेट येता येतं का?

येतं. बीएसडब्ल्यूला कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेचा बारावी पास विद्यार्थी प्रवेश घेऊ शकतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं.

माझं मत विचाराल तर, बीएसडब्ल्यूवर थांबू नका. तेवढ्यावर क्षेत्रकार्यकर्ता म्हणून संस्थेत काम मिळतं, पण रुग्णालयातल्या आणि बऱ्याचशा सरकारी पदांच्या जाहिरातीत एमएसडब्ल्यूच मागतात. मात्र बीएसडब्ल्यू करून आलेली मुलं एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी वेगळी उठून दिसतात. वस्तीत शिरताना ती बावरत नाहीत.

माझी पदवी बीकॉम आहे. एमएसडब्ल्यू जमेल?

जमेल. कोणत्याही शाखेचा पदवीधर एमएसडब्ल्यूला चालतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांत कृषी पदवीधर होते, नर्सिंग केलेल्या होत्या, एक अभियंताही होता. नर्सिंगवाल्यांना रुग्णालयात फायदा होतो, कृषीवाल्यांना गावात. बीकॉमवाला संस्थेचं अंदाजपत्रक वाचू शकतो, हे संस्थांना किती हवं असतं ते नोकरी लागल्यावर कळेल.

समाजशास्त्रात एमए केलं म्हणजे एमएसडब्ल्यू केल्यासारखंच, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. समाजशास्त्र समाज समजून घ्यायला शिकवतं. समाजकार्यात त्याचा आधार घेतात, पण शिकवतात ते माणसांबरोबर काम कसं करायचं.

कॉलेज कोणतं निवडू?

आधी जुनी घरं सांगते. मुंबईत 1936 साली नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. तीच आजची देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस. तिचा ग्रामीण परिसर तुळजापूरला आहे. टिसची पदव्युत्तर पदवी ‘एमए’ म्हणून मिळते, ते पाहून गोंधळू नका, समाजकार्यातलं एमए एमएसडब्ल्यूच्या बरोबरीचंच मानतात. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

मुंबईतच 1955 पासून निर्मला निकेतन आहे. पुण्यात 1963 पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे. नागपूरला तिरपुडे आणि मातृसेवा संघाची समाजकार्य महाविद्यालयं, कोल्हापूरला सायबर आणि अहिल्यानगरला सीएसआरडी या संस्था, अमळनेरला पंडित जवाहरलाल नेहरू समाजकार्य महाविद्यालय. यादी याहून बरीच मोठी आहे. महाराष्ट्रातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे असतो, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणीही परवडेल असं कॉलेज सापडतं.

आता महत्त्वाचं. नाव आणि इमारत बघून कॉलेज निवडू नका. तिथे जा, सीनियर मुलामुलींना कँटीनमध्ये गाठा आणि विचारा: फील्डवर्क आठवड्यात किती दिवस खरोखर होतं? सर-मॅडम संस्थेत भेटायला येतात का? लिहिलेले रिपोर्ट कुणी वाचतं का, की फक्त सही होते? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा नीट बघा. जिथे रिपोर्ट वाचून त्यावर लाल पेनाने प्रश्न लिहिले जातात, ते कॉलेज तालुक्याच्या गावी असलं तरी घ्या. जिथे हजेरी भरली की फील्डवर्क झालं असं धरतात, तिथे दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे घालवू नका.

फील्डवर्क म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

या शिक्षणाचा कणाच तो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साधारण आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो, संस्थेत असतो. रुग्णालय, बालगृह, वस्ती, शाळा, तुरुंग, पोलीस ठाण्यातला कक्ष, ग्रामपंचायत, कुठेही. पहिल्या वर्षी एक जागा, दुसऱ्या वर्षी दुसरी. वर्षात एक ग्रामीण शिबिर असतं. शेवटच्या परीक्षेनंतर ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे महिनाभर पूर्णवेळ एका संस्थेत राहून काम. प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा, त्याला मुलं ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात. आठवड्याला पर्यवेक्षक शिक्षकांबरोबर एकट्याने बसायचं, ती आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स). गटाने बसायचं, ती जीसी (ग्रुप कॉन्फरन्स).

आयसीत काय होतं ते एका उदाहरणावरून सांगते. मधुमेह असलेला नऊ वर्षांचा मुलगा दोन महिन्यांत दुसऱ्यांदा आमच्याकडे भरती झाला होता. साखर भयंकर वाढलेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने रेकॉर्डिंगमध्ये लिहिलं: ‘आई निष्काळजी आहे. औषधोपचारात सहकार्य करत नाही.’ मी विचारलं, तू काय पाहिलंस? ती म्हणाली, मॅडम, चार दिवस इन्सुलिन दिलंच नव्हतं. म्हटलं, ते झालं घडलेलं. निष्काळजी हा तू काढलेला अर्थ. परत जा आणि इन्सुलिनची बाटली घरी कुठे ठेवतात, एवढंच विचार.

ती परत गेली. घरात फ्रिज नव्हता. बाटली शेजारणीच्या फ्रिजमध्ये असायची. शेजारीण लग्नाला गावी गेली, दाराला कुलूप, बाटली आत. नवी आणायला यावं तर एका दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून आई शेजारणीची वाट बघत राहिली. विद्यार्थिनीने वॉर्डातल्या सिस्टरना विचारून मातीच्या दोन मडक्यांची युक्ती समजून घेतली. मोठ्या मडक्यात छोटं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि बाटली आतल्या मडक्यात कोरड्या डबीत. रुग्णालयातून एक जादा बाटली देण्याची सोय केली. मग रेकॉर्डिंग पुन्हा लिहिलं. त्यात ‘निष्काळजी’ हा शब्द नव्हता.

पुस्तकातलं ‘पूर्वग्रह न ठेवता व्यक्तीचा स्वीकार’ हे तत्त्व तिने परीक्षेत आधीच लिहून मार्क मिळवले होते. ते तिला कळलं त्या दिवशी. म्हणून मी फील्डवर्कचा एवढा आग्रह धरते.

स्पेशलायझेशन कोणतं घेऊ?

कॉलेजागणिक नावं बदलतात. ढोबळमानाने समुदाय विकास, कुटुंब आणि बालकल्याण, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य, गुन्हेगारी आणि सुधार प्रशासन, मनुष्यबळ व्यवस्थापन. शेवटच्याची मुळं कामगार कल्याणात आहेत. 1948 च्या कारखाना कायद्याने 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, आणि समाजकार्याची मुलं कंपन्यांत जाऊ लागली ती तेव्हापासून.

पहिल्या वर्षाचं फील्डवर्क होईपर्यंत ठरवू नका. ‘मला मुलांसाठीच काम करायचंय’ म्हणून आलेली मुलगी वस्तीतल्या पाणीप्रश्नात रमलेली मी पाहिली आहे.

मनोविकार समाजकार्यासाठी वेगळं काही करावं लागतं?

हो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्याच दिली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ, पर्यवेक्षित प्रशिक्षणासह एमफिल. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बोर्दोलोई संस्था ही यातली ठळक नावं. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल ही पदवीच बंद करायचं ठरलं आणि या विषयाला ठरावीक काळाची मुदतवाढ मिळाली, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीची अधिसूचना संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर विसंबू नका.

व्यसनमुक्तीत रस असेल तर पुण्याचं मुक्तांगण आहे, 1986 पासूनचं. तिथे काही दिवस राहून काम पाहणं हेच मोठं शिक्षण आहे.

नोकरी कुठे मिळते?

रुग्णालयापासून सुरुवात करते, कारण ते मी रोज बघते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही खाट ज्याला मिळायला हवी त्याला मिळवून देणारा माणूस म्हणजे समाजकार्यकर्ता. रेशनकार्ड बघणं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसेल तर तो कसा काढायचा ते सांगणं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का ते तपासणं, बसत नसेल तर ट्रस्टांना पत्रं लिहिणं. अवयवदानात मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणारे प्रत्यारोपण समन्वयकही बऱ्याचदा एमएसडब्ल्यू असतात. एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या कार्यक्रमांत समुपदेशक लागतात.

महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, बाल संरक्षण कक्षातली पदं, हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, 1098 ची चाइल्ड हेल्पलाइन. ही हेल्पलाइन मुळात 1996 साली टिसच्या एका क्षेत्रीय प्रकल्पातून मुंबईत उभी राहिली. पोलीस यंत्रणेत बसून हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी काम करणारे विशेष कक्षही असेच, 1984 साली टिस आणि मुंबई पोलिसांनी मिळून सुरू केलेले. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात आणि त्यांतली किमान एक स्त्री असावी लागते, पण त्यासाठी अनुभव हवा, ते पास झाल्याझाल्या मिळणारं काम नाही.

याशिवाय स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग आणि शाळा आहेत. शिकवायचं असेल तर समाजकार्य विषयात नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा.

पगाराचं खरं सांगा.

खरं सांगते. कायमस्वरूपी सरकारी पद मिळालं तर चांगलं आहे, पण त्या जागा थोड्या आणि भरती वर्षानुवर्षं रखडणारी. बरीच पदं कंत्राटी असतात: अकरा महिन्यांचा आदेश, पगाराऐवजी ‘मानधन’, आणि तेही कधी तीन-तीन महिने थकलेलं. रात्री दोन वाजता बालगृहातल्या मुलासाठी धावणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराचं भाडं थकवावं लागतं, याची मला मनापासून चीड येते. ‘सेवा आहे, पैशाचं काय बोलायचं’ असं जी संस्था मुलाखतीत म्हणते, तिच्याकडे जाऊ नका. नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधी, प्रवासखर्च या तीन गोष्टी निःसंकोच विचारा. तुमचं घर चाललं तरच तुम्ही या क्षेत्रात दहा वर्षं टिकाल, आणि दहा वर्षं टिकलेल्या माणसांचीच इथे खरी गरज आहे.

नोकरी करतेय, इग्नूतून एमएसडब्ल्यू केलं तर चालेल?

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू दोन्ही मान्यताप्राप्त आहेत आणि फील्डवर्क तिथेही सक्तीचं आहे. अंगणवाडीत, संस्थेत किंवा दवाखान्यात आधीपासून काम करणाऱ्यांसाठी हा मार्ग उत्तम. ज्याला या क्षेत्राचा काहीच अनुभव नाही, त्याने जमेल तर नियमित कॉलेजच करावं. दूरशिक्षणात आयसीला समोर बसून कान धरणारं माणूस शोधावं लागतं. तुमच्या शहरात एखादे अनुभवी समाजकार्यकर्ते असतील तर त्यांना भेटा, महिन्यातून एकदा माझं रेकॉर्डिंग बघाल का म्हणून विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

फी झेपणार नाही. काय करू?

अनुदानित कॉलेज बघा आणि प्रवेशाबरोबरच महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे. फील्डवर्कचा बसप्रवास आणि शिबिराची वर्गणी हा खर्च माहितीपत्रकात दिसत नाही, तो धरून चला. शिबिराला पैसे नाहीत म्हणून घरी थांबलेली मुलं मला माहीत आहेत. असं असेल तर सरांना आधी सांगा, त्यात लाज कसली.

मी बारा वर्षं संस्थेत काम करतोय, पण पदवी नाही. माझ्या अनुभवाला किंमत नाही का?

आहे, आणि नव्या मुलांना वस्तीत हात धरून नेणारे तुम्हीच असता. जामखेडला 1970 पासून आरोळे दांपत्याने गावातल्या, बहुतेक निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं आणि त्यांचं काम बघायला जगभरातून लोक आले. शिक्षण कॉलेजातच होतं असं मी म्हणणारच नाही. पण पदाच्या जाहिरातीत पदवी मागतात हेही खरं. बारावी झाली असेल तर इग्नूचं बीएसडब्ल्यू करा. तुमच्यासाठी ते अवघड नाही, निम्मं तुम्ही जगलेलं असतं.

वकिलांसारखी नोंदणी करावी लागते का? परदेशी जाता येईल?

डॉक्टर किंवा वकिलांसारखी समाजकार्याची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद आपल्याकडे नाही. संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या 2021 च्या कायद्यात मात्र वैद्यकीय, मनोविकार आणि क्लिनिकल समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे, तेव्हा आरोग्यक्षेत्रात असाल तर त्याकडे लक्ष ठेवा.

इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे, सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. आयर्लंडला कोरू ही नियामक संस्था, ऑस्ट्रेलियाला तिथली समाजकार्यकर्त्यांची संघटना, कॅनडात प्रांताप्रांताची मंडळं. सगळीकडे एक गोष्ट हमखास विचारतात: पर्यवेक्षणाखाली फील्डवर्क किती तास केलं? पास होऊन बाहेर पडतानाच कॉलेजच्या लेटरहेडवर तासांचं प्रमाणपत्र घ्या. पाच वर्षांनी मागायला गेलात तर जुनी रजिस्टरं सापडत नाहीत.

हे काम मनाला झेपेल का, असं घरचे विचारतात.

रास्त काळजी आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एका बाईला तिच्या सांगण्यावरून मी सासरी परत पोहोचवलं. नवरा बदलला असं तिने सांगितलं, मी विश्वास ठेवला. आठवड्याने ती भाजून आली. वाचली, पण मी कित्येक महिने नीट झोपले नाही. त्या संस्थेत यावर बोलायला कुणी नव्हतं, दुसऱ्या दिवशी नवी फाईल समोर आली. पुढे एका वरिष्ठ ताईंनी मला बसवून ती केस पहिल्यापासून सांगायला लावली आणि दाखवून दिलं की परत पाठवण्याआधी सुरक्षेचा आराखडा करायचा असतो: शेजारी कोण आहे, कागदपत्रं कुठे ठेवलीत, रात्री निघावं लागलं तर कुठे जायचं, फोन कुणाला करायचा. तेव्हापासून हे चार प्रश्न विचारल्याशिवाय मी एकीलाही परत पाठवलेलं नाही.

म्हणून नोकरी घेताना विचारा की इथे पर्यवेक्षण कोण करतं. आणि घरच्यांना सांगा की झेपणं हेही शिकता येतं, पण एकट्याने नाही.

अर्ज भरायच्या आधी काय करू?

महिनाभर कुठेतरी काम करा. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेच्या बंग दांपत्याने 2006 साली सुरू केलेल्या, तरुणांसाठीच्या ‘निर्माण’सारख्या शिबिरांतून अनेकांना दिशा सापडली, पण तेवढं लांब जायलाच हवं असं नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि ओपीडीच्या वेळी मदतीला बसू का म्हणून विचारा. केसपेपर काढून देणं, रांगेत उभं राहणं, आजोबांना एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेणं, एवढंच काम मिळेल. संध्याकाळी घरी जाऊन वहीत दोन पानं लिहा: आज काय पाहिलं आणि त्यातून मी काय समजलो. दोन्ही वेगवेगळं लिहा. प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही बरोबर न्या.